अक्का आधी चप्पल बघते

गेली सहा वर्षं मी कोल्हापुरात एका संस्थेत केस वर्कर म्हणून काम करते. मानवी तस्करीतून सुटलेल्या बायका आणि मुली, हे आमचं काम. लोकांना सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे तुम्ही रेड टाकता का?" रेड पोलिस टाकतात हो, आणि ती तासाभरात संपते. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते दोन-दोन चार-चार वर्षं चालतं, आणि ते मी एकटी करूच शकत नाही, ते होतं अक्कामुळं.

अक्का आमची पीअर वर्कर, म्हणजे स्वतः यातून गेलेली आणि आता अशाच बायका-मुलींच्या सोबत राहणारी. तिचं नाव, गाव काही लिहिणार नाही, मुलींच्या बाबतीतही ओळख पटेल असं सगळं बदललंय.

एका रात्रीचं सांगते. रेडनंतर एका मुलीला तपासणीसाठी सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात आणलेलं, वय एकोणीस-वीस. बाकड्यावर भिंतीला चिकटून बसलेली, सोबत दोन महिला पोलिस. कायद्यात तसं आहेच, 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात, की झडतीला किमान दोन महिला पोलिस पाहिजेत आणि चौकशी महिला पोलिसानंच करायची, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेतल्या बाईसमोर. मी फॉर्म काढला, तुझं नाव काय, घरी कोण असतं, कधीपासून होतीस तिथं. ती गप्प. मी परत हळू आवाजात विचारलं, तरी गप्प. मला वाटलं घाबरलीय, वेळ देऊ.

तेवढ्यात अक्का आली, तिनं मुलीच्या तोंडाकडं बघितलंच नाही आधी, पायाकडं बघितलं. मुलगी अनवाणी होती. खोलीतून जशी होती तशी उचलून आणलेली, आणि तिथून गाडी, पोलिस स्टेशन, दवाखाना, एवढ्या वेळात आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. अक्कानं स्वतःच्या स्लीपर काढून तिच्या पायापुढं ठेवल्या, निळ्या रबरी, आणि खाली फरशीवर बसली. म्हणाली, "घाल बाळ, फरशी गार हाय. जेवलीस का?"

मुलीनं पाय स्लीपरमध्ये सरकवले आणि मान हलवली, नाही म्हणून. त्या रात्री आमच्याशी झालेलं पहिलं बोलणं ते. फॉर्म मी दोन दिवसांनी भरला. आता अक्काच्या पिशवीत कायम दोन जोड असतात स्लीपरचे, एक लहान एक मोठा.

तिनं त्या मुलीला "मी पण तिथलीच" असं एकदाही सांगितलं नाही, आणि हे मला समजायला फार वेळ लागला. मला वाटायचं पीअर म्हणजे आपली गोष्ट सांगून धीर देणारी बाई. त्या समजुतीपायी मी एक मोठी चूक केलीय. एका ट्रेनिंगमध्ये, समोर पन्नासएक लोक, मी अक्काला माइक देऊन म्हणलं, अक्का तुमचा अनुभव सांगा ना. ती बोलली. लोक रडले, फोटो काढले, मला वाटलं काय सुंदर सेशन झालं. नंतर दोन आठवडे अक्का आलीच नाही. घरी गेले तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही विचारल्यावर मी न्हाई कशी म्हणणार?" मी तिची माफी मागितली, पण झालेलं परत फिरत नाही. तेव्हापासून आमच्यात ठरलंय, तिचा भूतकाळ ही तिची वस्तू आहे, कुणी पाहुणा आला, डोनर आला, तरी तो मागायचा नाही.

तिच्या अनुभवाचा उपयोग कुठं होतो तर नजरेत. एकदा बाल कल्याण समितीपुढं एका अल्पवयीन मुलीला न्यायला मावशी आली. आधार कार्ड, मिठाईचा बॉक्स, डोळ्याला पदर, सगळं बरोबर. अक्कानं माझा हात दाबला, बाहेर नेऊन म्हणाली, "तिनं पोरीला कुठल्या नावानं हाक मारली ऐकलासा का?" मावशीनं हाक मारलेली ती तिथल्या नावानं, धंद्यात आणल्यावर दिलेल्या नावानं. घरचं नाव वेगळं होतं. मी ते लगेच समितीला सांगितलं, चौकशी लागली आणि बाई त्या दिवसानंतर परत दिसली नाही. पोरीला सोडवायला खोटे नातेवाईक नि वकील येणं ही जुनीच पद्धत आहे, प्रेरणा संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं 2002 मध्ये आदेश दिला तो याचसाठी, की अल्पवयीन मुलीला पालक योग्य आहेत हे समितीनं तपासल्याशिवाय सोडायचं नाही. आदेश मला पाठ होता, पण हाक अक्कानं ऐकली.

सज्ञान बायकांचं वेगळंच दुखणं. त्याच 1956 च्या कायद्याच्या कलम 17 खाली चौकशीसाठी मॅजिस्ट्रेट तीन आठवड्यांपर्यंत ठेवू शकतात आणि नंतर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात पाठवू शकतात. कागदावर संरक्षण, पण आत बसलेल्या बाईला ते जेलच वाटतं, फोन नाही, पोराला भेटणं नाही. सुप्रीम कोर्टानं मे 2022 मध्ये सांगितलं की अशा गृहांचा सर्वे करा आणि मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांच्या सुटकेचं वेळेत बघा. अक्काचं म्हणणं याहून साधं, "तिला विचारा तरी, कुठं जायचंय." स्टाफच्या मीटिंगमध्ये हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हणलंय की आता आमच्या फॉर्ममध्ये तो पहिला प्रश्न आहे.

नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज, बँक खातं, आधारमधला पत्ता, साक्षीला तारखेवर तारीख, हे सगळं मी बघते. कोल्हापुरात ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, त्यामुळं आरोपींच्या जामिनाच्या अर्जासाठी मुंबईच्या फेऱ्या वाचल्यात, हे खरंच मोठं झालं. पण तारखेच्या आदल्या रात्री पोरीला झोप लागत नाही तेव्हा ती मला फोन करत नाही, अक्काला करते. रात्री दीड वाजता, अडीच वाजता. आणि ही वेळ कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाही.

इथंच माझा जीव जळतो. मला पगार, पीएफ, रजा. अक्काला "मानधन" आणि एसटीचं तिकीट, तेही बजेटमध्ये प्रवास खर्चाच्या ओळीत. हजेरीपुस्तकात तिचं नाव शेवटच्या पानावर, स्वयंसेवक म्हणून. पीअर म्हणलं की सगळ्यांना वाटतं ती सेवा करते, तिला आवडतं, तिला पैशाचं काय. अहो, तिला भाडं आहे, पोराची फी आहे, गुडघे दुखतात. आणि दुसऱ्याचं ऐकून स्वतःचं जुनं वर येतं तेव्हा बोलायला समुपदेशक लागतो, तो आम्हाला मिळतो तसा तिलाही पाहिजे. मी प्रस्ताव लिहिलाय, पूर्ण पगार, रजा, महिन्यातून दोनदा तिच्या पसंतीच्या बाहेरच्या समुपदेशकाकडं वेळ, आणि रात्रीचे फोन आळीपाळीनं, म्हणजे त्यात मी पण.

गुरुवारी संस्थेच्या कमिटीपुढं तो ठेवायचाय. अक्काला म्हणलं, तुम्ही पण या, तुमच्याबद्दल तुमच्या माघारी नको बोलायला. म्हणाली, "येते की. पण चारच्या आत सोडा मला, त्या पोरीची शिलाईची परीक्षा हाय, सुटल्यावर मी दारात दिसाय पायजे."