ऑपरेशन झालं, मग रोज नाक कशाला धुता?

हळदीकुंकवाला, कुणाच्या मुंजीत, भाजी घेताना, हा प्रश्न मला येतोच: ‘सायनसचं ऑपरेशन झालं ना तुमचं? मग अजून स्प्रे कसला? दम्याचा पंपही चालूच. काय उपयोग झाला मग?’ परवा इथे इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा त्यांच्या हातात सुनेचा सायनसचा सीटी स्कॅन होता. एरवी मी ‘बरं आहे आता’ म्हणून पुढे जाते. त्या दिवशी त्यांना बसवून घेतलं.

मला धुळीची ॲलर्जी लहानपणापासून, दमा पस्तिशीनंतर. गहू निघाला की इंदूरच्या आसपास शेतांत नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली धसकटं, जाळतात, त्या धुरात छाती भरून यायची. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला राजवाड्यावर जाणं कधीच सुटलं. पण नाक मात्र बारा महिने बंद. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं सगळे म्हणत, मीही तेच सांगत फिरले. अँटिबायोटिकचे कोर्स किती झाले त्याचा हिशेब नाही. शेवटी एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. हाड वाढलेलं नव्हतंच. दोन्ही बाजूंना पॉलिप होते, म्हणजे सुजलेल्या अस्तराचे मऊ फुगे, सोललेल्या द्राक्षांसारखे, पाणी धरलेले. वास तर पूर्ण गेला होता. दूध करपून स्वयंपाकघर धुरानं भरलं आणि मला कळलं ते डोळे चुरचुरल्यावर.

त्याच सुमारास घडलेली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कंबर धरली म्हणून एका दवाखान्यात डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेतलं. तासाभरात श्वास असा अडकला की ऑक्सिजन लावावा लागला. दमा आहे का, नाकात पॉलिप आहेत का, हे सुई टोचण्याआधी कुणी विचारलं नव्हतं. त्याचा राग मला अजून येतो. दमा, नाकातले पॉलिप आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांचा त्रास, हे त्रिकूट वैद्यकशास्त्राला नवीन नाही. अमेरिकेतल्या मॅक्स सॅम्टर यांचं नाव त्याला आहे, त्यांचा लेख 1968 सालचा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही सगळी एकाच घराण्यातली. दम्याच्या प्रत्येकाला ती बाधतात असं नाही, पण ज्याला बाधतात त्याच्या जिवावर बेतू शकतं. माझ्या पर्समध्ये आता त्या गोळ्यांच्या नावांची चिठ्ठी असते.

ऑपरेशनआधी आठवडाभर स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरला आणि मला वास आला. मी रडले. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, हीच खूण लक्षात ठेवा. गोळीनं वास परत येतो याचा अर्थ वास घेणाऱ्या नसा जिवंत आहेत, वाट सुजेनं बंद आहे. पण त्या गोळ्या कायम घेता येत नाहीत. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते.

मग सूज काढायचं औषध तिथवर पोचवायचं कसं? ऑपरेशन होतं ते यासाठी. गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि अगदी मागे, अशा सायनसच्या, म्हणजे हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांच्या, चार जोड्या. त्यांच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते शेंबूड ढकलत ढकलत एका ठरलेल्या दारापाशीच आणतात. पूर्वी वरच्या ओठाखालून गालाच्या सायनसला भोक पाडत. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून पाहिलं की दुसरीकडे भोक असलं तरी शेंबूड जातो जुन्याच दाराकडे. म्हणून आता नाकपुडीतूनच दुर्बीण घालून ती मूळची दारं मोकळी करतात. बाहेर टाका नाही, व्रण नाही. पण बाजूला डोळा, वर मेंदू, आणि मधलं हाड कागदाइतकं पातळ. म्हणून सीटी स्कॅन हाच सर्जनचा नकाशा. आणि भूल देण्याआधी दमा आटोक्यात हवा. माझी फुंकण्याची तपासणी मनासारखी आली नाही म्हणून तारीख तीन आठवडे पुढे गेली, ते बरंच झालं.

पॉलिप काढले, दारं उघडली. पण पॉलिप उगवले होते ते माझ्या शरीराच्या ज्या सवयीमुळे, ती सवय कापून काढता येत नाही. नाक आणि फुप्फुसं एकाच नळीची दोन टोकं, वरची सूज आणि खालची सूज एकाच जातीची. आधी स्प्रे मारला तर तो पॉलिपांवर आपटून बाहेर ओघळायचा. आता मिठाच्या पाण्यातलं औषध सायनसच्या आत फिरतं. काकू, रोज नाक धुते ती त्यासाठी. पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं कधीच नाही.

सहा वर्षं झाली. तिसऱ्या वर्षी डाव्या बाजूला एक छोटा पॉलिप पुन्हा दिसला, माझी दोन महिने धुण्यात कसूर झाली होती. औषधावर तो बसला. पंप आहेच, पण रात्री उठून बसावं लागत नाही. आता पॉलिपसाठी डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनंही आली आहेत, अमेरिकेत 2019 पासून. खूप महाग आहेत. ज्यांचे पॉलिप ऑपरेशननंतरही जोर करतात त्यांच्यासाठी डॉक्टर त्यांचा विचार करतात.

काकूंनी सगळं ऐकून विचारलं, ‘म्हणजे सुनेनं करावं की नाही?’ ते मी कसं सांगणार? मी एवढंच विचारलं, ‘तिला दमा आहे, हे या नाकाच्या डॉक्टरांना माहीत आहे?’ काकू गप्प झाल्या. दम्याचे डॉक्टर वेगळे, तिकडची फाइल वेगळी, ती कपाटातच होती. ‘उद्या दोन्ही फायली एकत्र न्या,’ म्हटलं, ‘आणि तिला कोणती दुखण्याची गोळी बाधली होती का, ते आज रात्रीच विचारून ठेवा.’