विक्सबर्ग ते नॅचेझ : परसात पुरलेल्या चांदीची गोष्ट

एप्रिलमध्ये चार दिवसांसाठी मिसिसिपी राज्यात गेलो, तो एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून. अटलांटाच्या कार्यालयात अनेक वर्षे माझ्या शेजारी बसणारा हा गृहस्थ एरवी फुटबॉलखेरीज फारसे कशावर बोलत नाही. पण त्याच्या घराण्याचा विषय निघाला, की खापरपणजोबा 1863 मध्ये विक्सबर्गच्या खंदकात होते, हे तिसऱ्या वाक्याच्या आत येतेच. आपल्याकडे पाव्हण्याला गाव विचारतात, तसे दक्षिणेत 'तुमची माणसे कुठली' असे विचारतात, आणि त्या उत्तरात यादवी युद्ध, म्हणजे गुलामगिरी राखण्यासाठी फुटलेली दक्षिणेची राज्ये आणि उत्तर यांच्यातील लढाई, बहुतेक वेळा असतेच.

जॅक्सनच्या विमानतळापासून आय-20 महामार्गाने विक्सबर्ग तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा. जून ते ऑगस्टमधील उकाडा आणि डास टाळलेले बरे.

पहिली संध्याकाळ सहकाऱ्याच्या आत्याबाईंकडे गेली. वय ऐंशीच्या पुढे. अशा वयस्कर बाईंना तेथे पहिल्या नावामागे 'मिस' लावून हाक मारतात आणि प्रत्येक उत्तराला 'मॅम' जोडतात. हे पाळले तर निम्मे काम होते. चहाबरोबर त्यांनी फडक्यात गुंडाळलेला एक चांदीचा चमचा आणला. दांड्यावर घराण्याची आद्याक्षरे, आणि वाटीच्या कडेला बोटाने चाचपता येईल असा पोचा. यांकी, म्हणजे उत्तरेचे, सैन्य येणार म्हणून चांदी परसात पुरली होती आणि उकरून काढताना कुदळ लागली, असे त्यांनी सांगितले. कुणी पुरली, असे मी विचारले. "घरातल्या एका नोकराने," त्या म्हणाल्या, "अतिशय इमानी माणूस." त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. 1863 मध्ये तो नोकर नव्हता, गुलाम होता, हे खोलीतल्या सर्वांना कळत होते आणि कुणी म्हटले नाही. मीही म्हटले नाही, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

तो चमचा हातात असताना मला आमच्या घरातली गोष्ट आठवली. आमचे मूळ घर खामगावजवळचे. अमेरिकेतील या युद्धामुळे दक्षिणेचा कापूस इंग्लंडला जाणे थांबले, आणि 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या बाजारात व वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातीत पैसा ओतला गेला. त्या दिवसांत आमच्या एका पूर्वजाच्या बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा होत्या, असे आजी सांगे. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. त्या धावा पुढे कुठे गेल्या, हे मात्र गोष्टीत नाही. म्हणजे एकाच युद्धाची चांदी दोन घरांत आहे, आणि दोन्हीकडे गोष्ट सोयीच्या जागी थांबते.

दुसरा दिवस पूर्ण राष्ट्रीय लष्करी उद्यानासाठी ठेवावा. 18 मे ते 4 जुलै 1863 असा 47 दिवस चाललेला वेढा, टेकड्यांच्या पोटात भुयारे खणून राहिलेले गावकरी, कागद संपल्यावर भिंतीला लावायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापलेले वर्तमानपत्र आणि शेवटी दक्षिणेच्या जनरल पेम्बर्टनची उत्तरेच्या जनरल ग्रँटपुढे शरणागती, हे सारे त्या 16 मैलांच्या रस्त्यावर उलगडते. परवानाधारक मार्गदर्शक तुमच्याच गाडीत बसून दोन तास फिरवतो. त्याची वेळ आधी ठरवून ठेवावी. पावसाने दरडी खचतात, म्हणून रस्त्याचा कोणता भाग बंद आहे हे निघण्यापूर्वी पाहावे. इलिनॉय राज्याच्या स्मारकाला 47 पायऱ्या आहेत, दिवसाला एक. नदीतून 1964 मध्ये वर काढलेली 'कैरो' ही चिलखती युद्धनौका मुलांना सर्वांत जास्त आवडेल.

पण घाई करू नये ती दफनभूमीत. तेथे उत्तरेचे सुमारे 17,000 सैनिक पुरलेले आहेत, त्यांतील जवळजवळ 13,000 अनाम. नाव असलेल्याला उभा दगड, आणि नसलेल्याला वीतभर उंचीचा चौकोनी ठोकळा, ज्यावर केवळ आकडा कोरलेला आहे. यांत हजारो कृष्णवर्णीय सैनिक आहेत. दक्षिणेचे सैनिक येथे नाहीत. ते शहराच्या सीडर हिल दफनभूमीत आहेत, तेथेही जावे. आमच्याबरोबर आलेल्या निवृत्त शिक्षिका स्वतः कृष्णवर्णीय होत्या. त्यांच्या घराण्याचा शोध 1870 च्या जनगणनेपाशी अडतो, कारण 1860 च्या गुलामांच्या नोंदींत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण लिहिलेला असे. त्यापलीकडचा एक पूर्वज त्यांना सापडला तो सैनिकाच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत. आपल्या लहानपणी घरात 4 जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, फटाके नव्हते असे आत्याबाई सांगत होत्या, कारण तो शरणागतीचा दिवस. या बाईंच्या घरी त्याच दिवशी पिढ्यान्‌पिढ्या जेवणावळ असे.

शहरातील जुन्या न्यायालयाच्या इमारतीतील संग्रहालय जरूर पाहावे, पण तेथे दक्षिणेची बाजू आपुलकीने मांडलेली आहे हे लक्षात ठेवून. या आठवणी नुसत्या आजीच्या मांडीवरून आलेल्या नाहीत. 1894 मध्ये नॅशव्हिल येथे स्थापन झालेल्या 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' (कॉन्फेडरसी म्हणजे फुटलेल्या दक्षिणी राज्यांचा संघ) या महिला संघटनेने पुतळे उभारले, शाळेची पुस्तके तपासली आणि मुलांकडून प्रश्नोत्तरे घोकून घेतली. लढाई राज्यांच्या हक्कांसाठी होती, हे वाक्य तुम्हालाही ऐकवले जाईल. वाद घालण्यात अर्थ नाही, मान डोलावण्याचीही गरज नाही. मिसिसिपीने जानेवारी 1861 मध्ये अमेरिकेतून फुटताना काढलेला जाहीरनामा आधी वाचून जावा. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे त्यात सुरुवातीलाच लिहिले आहे. त्या वेळी राज्यातील निम्म्याहून अधिक माणसे गुलाम होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेला निघालो. पोर्ट गिब्सनजवळ विंडसर या वाड्याचे 23 खांब झाडीत उभे आहेत. यांकींनी जाळला, असे सहकारी लहानपणापासून ऐकत आला होता. वाडा 1890 मध्ये घरातल्याच आगीने जळला, युद्ध संपून पंचवीस वर्षे झाल्यावर. फलक वाचून तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढचा नॅचेझ ट्रेस हा रस्ता रम्य आहे, परंतु त्यावर पेट्रोल पंप नाहीत. काटा खाली येत असताना मी हे शिकलो. शाकाहारी मंडळींनी पालेभाजी आणि घेवडाही विचारून घ्यावा, कारण त्यात बहुधा डुकराचे मांस शिजवलेले असते.

नॅचेझमध्ये 1932 पासून वसंतात जुने वाडे पाहण्याची 'पिल्ग्रिमेज' भरते आणि घेरदार झग्यांतल्या बायका दारात स्वागत करतात. वाडे सुंदर आहेत. एक-दोन पाहून पुरेत. त्यानंतर गावाबाहेरच्या तिठ्यावरील फोर्क्स ऑफ द रोड येथे जावे. दक्षिणेतील गुलामांच्या मोठ्या बाजारांपैकी एक येथे भरत असे. त्याच्या कोठड्या 1863 मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांनीच मोडून काढल्या. आता गवताचा एक लहान तुकडा, काही फलक आणि सिमेंटमध्ये बसवलेल्या बेड्या, इतकेच आहे. सावली नाही, स्वच्छतागृह नाही, म्हणून सकाळीच जावे. सहकारी लहानपणी दर वसंतात आईबरोबर नॅचेझला येत असे, पण येथे तो प्रथमच आला होता. त्याने त्या बेड्यांचा फोटो काढला, आत्याला पाठवू का असे मला विचारले, आणि मी काही म्हणण्याआधी फोन खिशात ठेवून दिला.