मार्जिनची जागा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांत अलकापुरी अजून 'स्टेशनपलीकडे' असते, आणि अलकापुरीतली माणसं मांडवी-रावपुऱ्याकडे निघाली की 'जरा गावात जाऊन येतो' म्हणतात. मध्ये मुंबई-अहमदाबाद रेल्वेलाइन, आणि तिच्या पोटाखालून जाणारं गरनाळं. अंडरपास हा शब्द बातमीपुरता. बडोद्याच्या तोंडी गरनाळंच.

अलकापुरी हे नाव कुबेराच्या नगरीचं. मुख्य रस्त्याला नाव आहे संस्थानचे दिवाण रमेशचंद्र दत्त यांचं. ते १९०९ साली बडोद्यातच वारले. इंग्रजांनी हिंदुस्थानातली संपत्ती कशी वाहून नेली, हे ज्यांनी आकडे मांडून दाखवलं, त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज दागिन्यांच्या शोरूम आहेत. दत्तसाहेबांनी इथेही वही उघडली असती.

साठच्या दशकात जीएसएफसी हा खत कारखाना आला, १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मागोमाग आयपीसीएल हा पेट्रोकेमिकल्सचा कारखाना. साहेबलोकांना स्टेशनाजवळ पण गावाच्या गर्दीबाहेर घर हवं झालं. त्या काळातला बंगला तसा साधाच. कोट्याची लादी, जाळीचं दार, ओट्यावर पितळी कड्यांचा झोपाळा. थाट सगळा भोवतीच्या मोकळ्या जागेचा. प्लॅनमध्ये तिला मार्जिन म्हणतात. राहणाऱ्याला ती कडुलिंब, चार आसोपालव आणि तुळशीवृंदावन म्हणून माहीत. ज्याला ती रिकामी ठेवणं परवडतं तो श्रीमंत, असा तेव्हाचा सरळ हिशोब.

बंगल्याचं दुकान एका रात्रीत होत नाही. मुलं परदेशी जातात. खालचा मजला डॉक्टरला नाहीतर सीएला भाड्याने जातो. वर राहणाऱ्यांसाठी बाहेरून लोखंडी जिना येतो. ओट्याला काच लागते, झोपाळा माळ्यावर. मग गिऱ्हाइकाच्या गाड्या उभ्या करायच्या कुठे? मार्जिनमध्ये. मातीत चाक रुततं, म्हणून पेव्हर.

खरी गोम इथे आहे. पेव्हरचे ठोकळे साधारण दोन जाडीचे मिळतात: पायवाटेला ६० मिलिमीटरचे, गाड्यांखाली ८०. खडी दाबून वर तीनेक सेंटिमीटर रेती पसरली आणि सांधे रेतीनेच भरले, तर थोडंफार पाणी मुरतं. पण खडी नीट दाबली नाही की ठोकळे चाकाखाली खचतात आणि तक्रारी येतात. त्या टाळायला कंत्राटदार खाली सरळ पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, ओततो, वरून सांध्यांत सिमेंट भरतो. दिसायला पेव्हर, कामाला स्लॅब. उतार अर्थात फाटकाकडे. कडुलिंबाच्या बुंध्याला तर ठोकळे असे भिडवतात की जणू झाड नंतर उगवलं. काही वर्षांनी मुळं त्यांना उचलतात, आणि 'झाड त्रास देतंय' म्हणून अर्ज होतो. बुंध्याभोवती चारी बाजूंनी मीटरभर माती सोडली असती, तर अर्जाचा कागद वाचला असता.

आता पाण्याचा हिशोब. हजार वारांचा प्लॉट म्हणजे ८३६ चौरस मीटर. बांधकाम सोडून ५०० चौरस मीटर उरले असं धरू. त्यावर दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस पडला, की २५,००० लिटर पाणी. पाच हजारी टँकर पाच. गच्चीचं वेगळं. पूर्वी यातलं पुष्कळसं बागेतच जिरायचं. आता ते फाटकाखालून रस्त्यावर येतं, आणि सखल जागा शोधत निघतं.

गरनाळ्यात रस्ता दोन्ही अंगांनी खाली उतरतो. पाण्याला आणखी काय हवं? पंप लावले तरी ते पाणी टाकणार पावसाळी गटारातच, आणि गटाराची वाट शेवटी विश्वामित्रीकडे. नदीच चढलेली असली की तिथे तोंड बंद. म्हणून पावसाळ्यात बडोदेकर आजवा तलावाची पातळी आणि काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळ नदी किती फूट चढली ते तापासारखं बघत असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं.

काही जण पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला रिचार्ज बोअर करून घेतात. चांगलंच आहे, पण नुसता पाइप जमिनीत सोडून भागत नाही. आधी गाळ बसायला कुंडी, मग मोठे दगड, खडी, रेती अशी गाळणी, आणि मग बोअर. गच्चीचं पाणीच तिकडे न्यावं. पार्किंगचं नको, त्यात तेल असतं. आणि मे संपायच्या आत रेतीचा वरचा थर काढून धुवावा. तो कोणी धुत नाही. आसोपालवाची पानं कुजून साय धरते, पाणी कुंडीवरून वाहतं, आणि मालक म्हणतो, ही बोअर काही कामाची नाही.

जोराची सर येऊन गेली की शोरूमचा फोन वाजू लागतो. गावातून गिऱ्हाईक बोलत असतं. लग्नाचा सेट बघायचाय, पण सोन्याचा भाव राहतो मागे. आधी विचारणा होते: गरनाळं चालू आहे, की जेतलपूरच्या पुलावरून यायचं?