ओबनचा ओटा

सुट्टीसाठी घर ठरवताना बायकोने एकच अट घातली. “हॉटेल नको, किचनवालं घर हवं, हा हट्ट तुझा. मग स्वयंपाकही तूच करायचास. मी खिडकीत बसणार.”

खिडकी होतीही बसून राहावं अशी. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ओबन, बंदराला लागून दुसऱ्या मजल्यावरचं घर. समोर केरेरा बेट आडवं पहुडलेलं, आणि मल बेटाकडे जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या बोटी त्याच्याआडून निघत. पाठीमागच्या टेकडीवर रोमच्या कलोसियमसारखा एक गोल, पोकळ मनोरा आहे. मकेग नावाच्या बँकवाल्याने तो १८९७ मध्ये बांधायला काढला. हिवाळ्यात गवंड्यांच्या हाताला काम मिळावं हा एक हेतू, घराण्याचं नाव राहावं हा दुसरा. १९०२ मध्ये तो गेला आणि काम अर्ध्यावरच थांबलं. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे रोजगार हमीच की!”

आई रत्नागिरीहून तीन महिन्यांसाठी लंडनला आली होती. तिला आम्ही गाडीत घालून आठशे किलोमीटर वर नेलं. तिच्या पिशवीत आमसुलं, तिरफळं, घरचा मसाला आणि एक छोटी विळी. विळी बघून मी कपाळाला हात लावला, पण भाड्याच्या घरातला पहिला कांदा चिरायला घेतल्यावर गप्प बसलो. असल्या घरांत वाइनचे डझनभर ग्लास असतात आणि एकाही सुरीला धार नसते.

सामान लावायच्या आधी चहा टाकला. पहिला घोट घेऊन आईने कप खाली ठेवला आणि त्यात निरखून पाहिलं. “दूध वेगळं घेतलंस का रे?” दूध तेच होतं, चहापूडही तीच. बदललं होतं पाणी. लंडनचं पाणी चुनखडीतून येतं. किटलीत खपली धरते आणि चहावर तवंग येतो. इथलं पाणी डोंगरांवरच्या पावसाचं, कठीण खडकावरून वाहत आलेलं, मऊ. त्या रात्री तूरडाळ अशी मेणासारखी शिजली की कुकर नसल्याचं दुःखही उरलं नाही.

रात्र म्हणजे अर्थात घड्याळापुरतीच. जुलैचे दिवस, दहाला सूर्य मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. दिवेलागणीआधी जेवायचं नाही हा आईचा शिरस्ता पहिल्याच दिवशी मोडला, तोही तिने स्वतःच मोडला. आठ वाजता म्हणाली, “ह्यांचा देव जागा आहे तर असू दे, मला भूक लागली.”

रोज सकाळी मी आणि आई मासे बघायला जायचो. धक्क्यावर शेवंडाच्या पिल्लांसारखे दिसणारे नारिंगी लँगुस्टीन मिळत. इथले बहुतेक लँगुस्टीन ट्रकमध्ये बसून स्पेन-फ्रान्सला जातात. ते ऐकून आईला जरा बरं वाटलं. चांगला माल बाहेरगावी जातो, हे दुःख तिला हापूसमुळे ओळखीचं होतं. पण तिचा जीव अडकला बांगड्यात. उन्हाळ्यात बांगडा काठाशी येतो आणि लोक एका दोरीला पिसं लावलेले पाच-सहा गळ बांधून धक्क्यावरूनच पकडतात. एका आजोबांच्या बादलीपाशी आई इतका वेळ उभी राहिली, की त्यांनी चार बांगडे काढून तिच्या हातात दिले. पैसे घेईनात. आईने तिथेच कल्ले उचलून पाहिले. मी ओशाळलो, आजोबा खूश झाले.

हा बांगडा आपल्याहून लांबट, पाठीवर वाघासारखे पट्टे आणि चरबी अशी की तव्यावर तेल नावालाच लागतं. पूर्वी स्कॉटिश लोक हा मासा फारसा खात नसत म्हणे. हेही आईला सांगितलं. ती म्हणाली, “ह्यांना तिरफळं माहीत नाहीत ना.”

दोन बांगड्यांचं तिखलं झालं. उरलेले दोन तळायचे, तर रवा घरी राहिलेला. तांदळाचं पीठही नाही. कपाटात आधीच्या कुणीतरी ठेवून गेलेली भरड ओटची अर्धी पिशवी होती. आई म्हणाली, “आण तेच.” आमसूल, हळद, तिखट, मीठ आणि वरून ओट. रव्यापेक्षा जाड, पण असं खमंग कवच धरलं की बायको खिडकी सोडून ओट्यापाशी आली. दुसऱ्या दिवशी मासेवालीला मी मोठ्या ऐटीत हा शोध सांगितला. तिने शांतपणे सांगितलं, की तिची आजी हेरिंग असाच ओटात घोळवून तळायची. इथे सगळ्यांच्याच आज्या तसं करत आल्यात. आई माझ्याकडे बघत राहिली. शोध माझा नव्हताच, हे तिला ऐकण्याआधीच माहीत होतं.

तळताना एक तमाशा झाला, तो सांगायला हवा. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून घरातले सगळे धोक्याचे भोंगे एकमेकांना जोडलेले असावे लागतात. त्यामुळे बांगड्याचा धूर पॅसेजमध्ये पोचला आणि बैठक, पॅसेज, किचन सगळीकडून एकदम बोंब सुरू झाली. आई झारा हातात धरून म्हणाली, “आधी मासा उलट, मग ते बंद कर.”

शेवटच्या दिवशी धुरावलेला हॅडॉक मासा उरला होता. आधल्या रात्री तो दूध-बटाटा-कांद्यात घालून कलन स्किंक नावाचं सूप केलं होतं. आईला ते आजारी माणसाच्या पेजेसारखं वाटलं, पण वाटी दोनदा भरून घेतली. उरलेल्या हॅडॉकची मी केजरी केली. भात, मासा, उकडलेली अंडी, थोडी करी पावडर. ही आपल्याच खिचडीची विलायतेत गेलेली लेक, असं मी आईला कौतुकाने सांगितलं.

“डाळ कुठाय?”

“ह्यात घालत नाहीत.”

“मग आपली कशी?” असं म्हणून तिने वर दोन चमचे तूप सोडलं.

निघताना ओटची पिशवी परत कपाटात ठेवली. शेजारी आईने पाच-सहा तिरफळं एका पुडीत बांधून ठेवली. पुढच्या पाहुण्यांनी त्याचं काय केलं असेल, ह्याची मला अजून धास्ती आहे. मी गाडीत सामान भरत होतो, तर ती नळाखाली पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या भरत उभी. “वाटेत पाणी मिळतं गं,” मी म्हणालो.

“प्यायला नाही,” ती म्हणाली. “चहाला.”

लंडनमध्ये ते तीन सकाळी पुरलं.