उलट्या बाजूने डोंगर

शनिवार, दुपार

आज बऱ्याच वर्षांनी साउथ माउंटन, ॲरिझोनातल्या आमच्या फिनिक्स शहराचं डोंगराळ उद्यान. इथे नवीन होतो तेव्हा दर हिवाळ्यात जायचो, मग सुटलंच. तेव्हा सुरुवात कायम पीमा कॅन्यन या घळीच्या ट्रेलहेडवरून, म्हणजे पायवाट सुरू होते तिथून, कारण तिथे गाडी लावायला जागा मिळायची. पहिला मैलभर रुंद मातीचा रस्ता, बाजूला कोरडा ओढा, गप्पा मारत चालायचं. हा डोंगर सोपा आहे, असं मी येईल त्या पाहुण्याला ठोकून सांगत आले.

आज लेकाने हट्टाने उत्तरेकडच्या मॉर्मन ट्रेलने नेलं. गाडीतून उतरलो की थेट चढच. दहा मिनिटांत माझी बोलती बंद. दम खायला म्हणून मागे वळले, तर अख्खं शहर पायाशी, मध्ये डाउनटाउनच्या इमारतींचा पुंजका. कॅन्यनच्या पोटातून हे कधी दिसलंच नव्हतं. १६,००० एकरांहून मोठं उद्यान, १९२४ पासून शहराच्या मालकीचं, आणि मी एका वाटेवरून त्याला सर्टिफिकेट देऊन मोकळी!

सवारो निवडुंग होते तसेच. त्यांना पहिला फाटा फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, आमची आठ वर्षं त्यांच्या खिजगणतीत नसावीत. लेक मात्र उंचीने माझ्या डोक्यावरून गेलाय.

वर हिडन व्हॅली नावाच्या दरीत पूर्वी आधी दगडी बोगदा लागायचा, शेवटी फॅट मॅन्स पास. आमच्या घरात ती 'जाड्याची खिंड'. आज तीच आधी आली. दोन अजस्र शिळांमधली फट, माणसांची अंगं घासून घासून गुळगुळीत झालेली. मागच्या वेळी लेकाला मीच मागून ढकललं होतं, तोंडात रडं होतं त्याच्या. आज तो पलीकडे उभा राहून मला शिकवत होता, "आई, बॅग आधी दे. आता श्वास सोड आणि सरक. पोट आत!"

"आतच आहे रे मेल्या!"

निघाले एकदाची. जॅकेटचं एक बटण तिथेच राहिलं.

उतरताना त्याच्या पोटरीला चोया निवडुंगाचा काटेरी गोळा चिकटला. हाताने काढायला गेलं की काटे बोटांत शिरतात. कंगवा खाली घालून झटक्यात उडवायचा असतो. तो मात्र माझ्याच बॅगेत होता, जुन्या सवयीने.

पुढच्या शनिवारी टेलिग्राफ पासच्या बाजूने जायचं ठरलंय. कंगवा बाहेर काढलेला नाही.