वाण्याकडचा कागद

वाण्याकडून आलेली पुडी सोडली की तिचा कागद हाताने सपाट करून ठेवायची आमच्या घरी पद्धत होती. एका बाजूला आई दुधाचा हिशोब मांडायची, दुसऱ्या बाजूला मी हत्ती काढायचे. त्यामुळे ऑग्युस्त रोदँनेही वाण्याकडच्या कागदावर चित्रं काढली होती हे वाचलं, तेव्हा या बड्या शिल्पकाराशी एकदम घरोबाच वाटायला लागला.

गोष्ट १९०६ च्या जुलैमधली. फ्रान्सच्या दक्षिणेला मार्सेय बंदरात फ्रेंच वसाहतींचं प्रदर्शन भरलं होतं आणि कंबोडियाचा राजा सिसोवाथ आपल्या राजवाड्यातल्या नर्तकी, वादक घेऊन फ्रान्सला आला होता. (वसाहतीतला माल मांडायचा, त्यात नाचही आला. असो.) पॅरिसमध्ये त्यांचा नाच रोदँने पाहिला आणि पासष्टीचा हा गडी पार वेडावला. मंडळी मार्सेयला निघाली, तर हाही हातातली कामं टाकून त्यांच्या मागोमाग. घाईत चित्रांचा कागद राहिला, म्हणून म्हणे तिथल्या वाण्याकडून मिळेल तो घेतला. चिमुरड्या नर्तकींना खूश ठेवायला खेळणी आणली. बघता बघता दीडशेच्या आसपास चित्रं झाली.

त्यात चेहरे दोन-चार रेघांत उरकलेले. जीव सगळा हातांत. रोदँ कागदाकडे बघायचाच नाही. नजर नाचणारीवर आणि पेन्सिल आपली चालू. दंडाची रेघ चुकली तर शेजारी दुसरी ओढायची, पहिली तशीच राहू द्यायची. वरून जलरंगाचा पातळ हात, तोही रेघेबाहेर सांडलेला. आमच्या चित्रकलेच्या बाईंनी वहीच फेकली असती.

आणि ती बोटं! मनगटाच्या दिशेने मागे कमानीसारखी वळलेली. या मुलींची बोटं लहानपणापासून वळवून वळवून तयार करतात. मीही गॅसपाशी उभी राहून करून पाहिलं. कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला करंगळीने हाय खाल्ली.

त्या मायदेशी निघाल्या तेव्हा जगातलं सौंदर्यच सोबत नेल्यासारखं रोदँला वाटलं. चित्रं आता पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात असतात; शंभर वर्षांनी त्यातली काही कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हलाही जाऊन आली.

आमच्याकडे हल्ली सगळं प्लास्टिकमधूनच येतं. परवा भज्यांबरोबर मात्र कागद आला. सपाट करून त्यावर एक हात काढला. पाचही बोटं काठीसारखी सरळ, आणि तळव्यावर तेलाचा हा एवढा डाग.