घोटा मुरगळल्यावर फिजिओथेरपी : माझा अनुभव

माझा उजवा घोटा सारखा मुरगळायला लागला तेव्हा मी फिजिओथेरपी सुरू केली. आधी मुरगळला होता तेव्हा क्रेप बँडेज, गोळ्या आणि आराम एवढंच सांगितलं गेलं होतं, मग सूज उतरली, दुखायचं थांबलं की झालं बरं असंच सगळे धरून चालतात. पण बॅडमिंटन खेळताना तर पाय वळायचाच, एकदा तर साधा जिना उतरताना वळला, म्हटलं आता हे नीट बघायलाच हवं.

पहिल्या दिवशी मला वाटलं लगेच एक्स-रे काढायला सांगतील. तसं झालं नाही. फिजिओ मॅडमनी घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मागच्या कडेने आणि टोकाला दाबून बघितली, पायाच्या पंजातलीही दोन ठरावीक हाडं दाबली आणि चार पावलं चालायला लावलं. हे ओटावा नियम, १९९२ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी मांडलेले. त्या हाडांवर दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढायचा, नाहीतर बहुतेक वेळा गरज पडत नाही.

मग म्हणाल्या, "एका पायावर उभ्या राहा बघू." डाव्यावर आरामात राहिले. उजव्यावर घोटा नुसता लटलट, आणि डोळे मिटायला सांगितले तर लगेच दुसरा पाय खाली टेकवावा लागला. माझं सगळं दुखणं तिथेच कळलं. घोटा बहुतेक वेळा आत वळतो आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं किंवा थोडं फाटतं. आता लिगामेंट काही फक्त हाडं बांधून ठेवत नाही, त्यात मज्जातंतूंची टोकं असतात, पाय किती वळलाय ही खबर ती मेंदूला देत असतात. इजा झाली की ती खबर नीट जात नाही, नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाय सावरायला उशीर करतात, आणि म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता वाढते. दुखणं थांबलं म्हणून हे आपोआप भरून येईलच असं नाही, त्यासाठी वेगळं काम करावं लागतं, आणि हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं असं अजूनही फार वाटतं.

सुरुवातीचे व्यायाम अगदी साधे होते. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, पाय किती मागे नेता येतो ते दोन्ही बाजूंनी मोजायचं. रबरी बँड लावून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलायचं. चवड्यावर उभं राहायचं, आधी दोन्ही पायांवर मग एका, आणि हे गुडघा सरळ ठेवून आणि थोडा वाकवून असं दोन्ही प्रकारे, कारण वाकवल्यावर पोटरीतल्या आतल्या स्नायूवर जास्त काम येतं.

खरा वेळ गेला तो बॅलन्सला. आधी जमिनीवर एका पायावर, मग डोळे मिटून, मग मऊ उशीवर, मग एका पायावर उभं राहून भिंतीवर बॉल टाकायचा आणि झेलायचा. सुरुवातीला डोळे मिटताना हाताशी भिंत हवीच. कंटाळा येतो हे खरंय, दिसायला काहीच होत नाहीये असं वाटतं. पण आधी मुरगळलेल्या घोट्याला पुन्हा इजा होऊ नये म्हणून ज्या गोष्टींचा चांगला पुरावा आहे त्यात हा व्यायाम फार वरचा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे खेळताना घोट्याला सपोर्ट किंवा टेप. त्याने घोटा कमजोर होतो असं बरेच जण सांगतात, मॅडमचं म्हणणं होतं की व्यायाम चालू असेल तर ती भीती नको.

दुखलं तर काय करायचं हा माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता. त्यांनी ० ते १० चं माप दिलं, व्यायाम करताना ३ पर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आधीच्या पातळीवर यायला हवं आणि सूज वाढायला नको. वाढली तर बंद नाही करायचं, वजन किंवा संख्या कमी करायची. हा नियम कळल्यावर माझी भीती अर्धी गेली.

पुन्हा कोर्टवर कधी जायचं हे तारखेवर नाही, पायावर ठरलं. एका पायावर चवड्याने किती वेळा उठता येतं, पुढे आणि आडव्या उड्या कशा जमतात, हे डाव्या पायाशी ताडून बघितलं, जवळपास बरोबरीला आल्यावरच त्या हो म्हणाल्या. तेही आधी नुसतं फुटवर्क, मग हळू रॅली, मग गेम. खेळायच्या आधी मी पूर्वी उभी राहून स्नायू ताणत बसायचे, त्याने इजा टळते असा फारसा पुरावा नाही म्हणे, आता हळू जॉगिंग, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवायचे), दिशा बदलत छोट्या उड्या असं अंग गरम करते.

आणि हे फक्त खेळणाऱ्यांचं नाही हं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितलाय, आणि ६५ च्या पुढच्यांसाठी बॅलन्स आणि ताकद मिळून किमान ३ दिवस, कारण त्या वयात पडण्याचा धोका मोठा. आईला मी ओट्याला धरून एका पायावर उभं राहायला शिकवलंय, तिला ते आवडतंही.

फक्त पायावर भारच टाकता येत नसेल, पाऊल बधिर किंवा गार पडलं असेल, किंवा नंतर पोटरी सुजून दुखायला लागली तर व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.